'तिच्यानंतर' : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना एका अविवाहित बापाचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय : लग्नाबाहेर जन्मलेलं मूल, त्याचा बाप आणि त्यांची भेट

महोदय, महोदया,

महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा ते बारा मी माझ्या मुलीला भेटतो. जागा म्हणजे कुटुंब न्यायालयातली मुलांची खोली. तिथे एक प्लास्टिकची घसरगुंडी आहे, चाक निखळलेला एक ट्रक आहे आणि भिंतीवर कुणी तरी हौसेनं रंगवलेला हत्ती आहे. पोपडे निघून त्याची सोंड अर्धी गेली आहे. मुलगी चार वर्षांची आहे. मला ती 'काका' म्हणते, कारण तिला तसंच सांगितलेलं आहे. मागच्या महिन्यात ट्रक ढकलता ढकलता तिनं विचारलं, "काका, तुम्ही इथंच राहता का?" तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं मला दुसरीकडे कुठे पाहिलेलंच नाही.

तिची आई आणि मी लग्न केलं नव्हतं. हे पत्र तिच्याविरुद्ध नाही हे आधी सांगतो. तिची बाजू तिच्यापाशी आहे आणि त्यात तथ्य आहे. मुलीच्या शाळेतल्या कुणी उद्या हे वाचलं तर तिला त्रास नको, म्हणून नावं, गाव, न्यायालय यातलं काहीच लिहीत नाही.

साडेतीन वर्षं आम्ही एका भाड्याच्या घरात राहिलो. भाडेकरारात, सोसायटीच्या फॉर्मवर, सगळीकडे 'नाते' या रकान्यात 'पती-पत्नी' लिहिलं होतं. नाही तर घर कोण देतंय? तिला लग्न करायचं होतं. माझ्या घरी जात आडवी येत होती, म्हणजे मी तसं सांगत होतो. खरं म्हणजे आईसमोर उभं राहून बोलायची माझी हिंमत होत नव्हती. "करू की, घाई काय आहे," हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन ते तीच सांगू शकेल. दिवस राहिल्याचं तिनं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मग आता काय करायचं?" मला वाटलं मी पुढच्या तयारीचं विचारतोय. तिला ऐकू आलं ते वेगळंच, आणि आधीची तीन वर्षं पाहता तिनं तसं ऐकणं साहजिक होतं. सहाव्या महिन्यात ती माहेरी गेली ती परत आली नाही.

'अविवाहित बापाचे हक्क' म्हटलं की अनेकांना, विशेषतः स्त्री सदस्यांना वाटेल, हा आता गर्भपातावर नकाराधिकार मागणार. मला तो नको आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात संमती लागते ती गरोदर स्त्रीची. ती अठरा वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल तर तिच्या पालकाची. लग्नाच्या नवऱ्यालाही तिथे सही करायला जागा नाही, मग मला कुठून असणार? मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं. २०२२ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहित स्त्रीला विवाहितेसारखाच हक्क आहे असा निकाल दिला. २०२१ च्या दुरुस्तीनं त्या बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतची शिक्षा ठेवली आहे. म्हणजे त्या नऊ महिन्यांत मी दवाखान्यात जाऊन "कशी आहे ती?" विचारलं असतं तर सांगणं कुणावर बंधनकारक नव्हतं. हे सगळं असंच असायला हवं. शरीर तिचं, जोखीम तिची.

तरी त्या २०२१ च्या दुरुस्तीतला एक शब्द मला राहून राहून आठवतो. गर्भनिरोधक फसल्याबद्दलच्या स्पष्टीकरणात आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' असं होतं, तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं झालं. जोडीदार! कायद्यानं माझ्यासारख्याला ओळखलं ते इथं, साधन फसलं तेवढ्यापुरतं. साधन फसल्यावर जे मूल जन्माला येतं, त्याच्या कायद्यात मात्र जोडीदार कुठेच नाही.

गरोदरपणात मला हवं होतं ते फार थोडं होतं. मूल जन्माला आलं तर ते माझंही आहे, मी पळून जाणारा नाही, एवढं मला कुठे तरी लिहून ठेवता आलं असतं तर पुरे होतं. जर्मनीत लग्न न केलेला बाप मूल जन्मायच्या आधीसुद्धा आपलं पितृत्व मान्य करून तशी नोंद करू शकतो, त्याला आईची संमती लागते. आपल्याकडे असं लिहून द्यायला खिडकीच नाही. मी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं होतं, नोटरीचा लाल शिक्का मारून. ते आजही माझ्या कपाटात आहे. वकीलबाई म्हणाल्या, "ठेवा जपून, पण याचा उपयोग काय ते मला विचारू नका."

मुलगी झाल्याचं मला दोन दिवसांनी एका मित्राकडून कळलं. बारसं झालं तेही असंच कानावर आलं. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझी बहीण त्या दिवशी ऑफिसात होती. संध्याकाळी घरी आली आणि काही न बोलता भांडी घासत बसली. ज्या आईच्या नावानं मी तीन वर्षं लग्न टाळलं, तिनं जुन्या मऊ लुगड्यांची एक गोधडी शिवायला घेतली. कुणासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी आहे. मी नोंदणीच्या कचेरीत गेलो तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी सरळ विचारलं, "बाई सही करायला येतील का? नाही तर लग्नाचा दाखला आणा." दोन्ही माझ्याकडे नव्हतं. ते गृहस्थ उद्धट नव्हते. त्यांच्यासमोरच्या नियमांत तिसरा पर्याय नव्हता.

त्या रिकाम्या रकान्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागताना बापाचं नाव सांगायची किंवा त्याला नोटीस द्यायची सक्ती करता येणार नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळाला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातही २०२३ च्या दुरुस्तीनं एकल पालक आणि अविवाहित माता यांचा उल्लेख आला. तो निकाल मी तीनदा वाचला, दर वेळी न्यायालयाशी सहमत झालो. त्या प्रकरणातल्या माणसाचा स्वतःचा वेगळा संसार होता आणि मुलाची त्यानं कधी विचारपूस केली नव्हती. अशा माणसाला शोधून नोटीस कशाला द्यायची? पण जो बाप फिरकलाच नाही आणि जो खिडकीसमोर रांगेत उभा आहे, त्या दोघांचा रकाना आज एकच आहे. रिकामा.

आता मूळ कायद्याकडे येतो. मी हिंदू म्हणून मला लागू होणारा कायदा म्हणजे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा. (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल.) त्याच्या सहाव्या कलमात दोन ओळी आहेत. औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आई आणि तिच्यानंतर बाप. (हा 'अनौरस' शब्द कायद्यातून एकदाचा काढा हो. चार वर्षांच्या पोरीला शोभणारं विशेषण आहे का ते?) पहिल्या ओळीतल्या 'नंतर'मुळे लग्नाच्या बायकांनी त्रेचाळीस वर्षं काय सोसलं हे तुम्हाला माहीत आहे. आईची सही कुठे चालायची नाही, शाळेत नाही, बँकेत नाही. शेवटी लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही नाकारली गेली म्हणून रिझर्व्ह बँकेविरुद्ध दाद मागितली आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इथे 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर असं नव्हे, त्याच्या अनुपस्थितीत असा अर्थ घ्यायचा. तो परगावी असेल, मुलाकडे बघत नसेल, आजारानं असमर्थ असेल, तर आई हयात बापासमोरही पालक होते.

दुसऱ्या ओळीतला 'नंतर' माझ्या वाट्याचा. त्याचाही तसाच अर्थ लावला तरी माझं काही भागत नाही, कारण माझ्या मुलीची आई हजर आहे, समर्थ आहे आणि मुलीला उत्तम वाढवते आहे. तिनं अनुपस्थित व्हावं अशी प्रार्थना मी करणार नाही. मला तिच्यानंतर यायचं नाही. ती असताना, तिच्या बाजूला, आठवड्यातून काही तास असायचं आहे, आणि नेमकी तेवढीच जागा या कलमात नाही.

आमच्या वकिलांपैकी एकांनी एक वाट सुचवली होती. दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं एकत्र राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असं न्यायालयं गृहीत धरू शकतात. भाडेकरारात, सोसायटीत आपण 'पती-पत्नी' लिहिलंच आहे, साडेतीन वर्षं आहेत, तेव्हा मूल औरस आहे असंच म्हणू. मी विचारलं, मग काय होईल? ते म्हणाले, मग तुम्ही थेट पहिल्या ओळीत. पाच वर्षांपर्यंत ताबा सहसा आईकडेच राहील, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव तुमचं, तिचं तुमच्यानंतर. म्हणजे ज्या बाईला मी तीन वर्षं लग्नासाठी ताटकळत ठेवलं, तिला आता कोर्टात उभं करून सांगायचं की आपलं लग्न झालेलंच होतं आणि मुलीवर माझा हक्क तुझ्या आधीचा आहे. मी त्या वकिलांचं वकीलपत्र मागे घेतलं. पण कायद्याची गंमत बघा. मला एक तर तिच्या वर चढता येतं, नाही तर तिच्या मागे रांगेत थांबता येतं.

पैशाच्या बाबतीत मात्र मी कायद्याला लगेच सापडतो, आणि सापडलोच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या १२५ मध्ये, औरस असो की अनौरस, मुलाच्या पोटगीची जबाबदारी बापावर आहे. ती थकवली तर तुरुंग. दत्तक व पोटगीच्या १९५६ च्या कायद्यातही तेच. दुसरीकडे हिंदू उत्तराधिकार कायद्यात असं मूल आईशी नात्यात आणि बापाशी नाही. माझ्याकडे इस्टेट म्हणावी असं काही नाही, एक दुचाकी आणि भविष्य निर्वाह निधी. पण जे आहे ते तिला मिळावं म्हणून मला मृत्युपत्र करावं लागलं. पोटगीचा आदेश झालेला नसताना मी पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवतो. यूपीआयवर शेरा लिहायची जागा असते. तिथे मी 'दूध' लिहायचो, नंतर 'बूट', 'लस', 'पावसाळा'. चार वर्षांचं ते माझ्याकडचं एकमेव पत्रलेखन. कोर्टात पुरावा म्हणून जोडलं तेव्हा त्याची सत्तावीस पानं झाली.

भेटीसाठी अर्ज केला तो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. हो, अठराशे नव्वद. त्याच्या आठव्या कलमात अर्ज कोण करू शकतो याची यादी आहे, तीत 'अज्ञानाचा नातेवाईक किंवा मित्र' असं लिहिलंय. वकीलबाई हसत म्हणाल्या, "बाप म्हणून दार उघडलं नाही तर मित्र म्हणून वाजवू." गोऱ्या साहेबाच्या कायद्यानं मित्राला दार ठेवलं, त्याबद्दल त्याचे आभार. पण नववं कलम म्हणतं, मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयातच जायचं. मधल्या काळात मुलीच्या आईची बदली झाली आणि आमचं प्रकरण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. पहिल्या तीन तारखा नोटीस लागली नाही म्हणून गेल्या. पुढच्या दोन समोरच्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, यायचा होता म्हणून. मग नियमाप्रमाणे आम्हाला समुपदेशकांकडे पाठवलं. त्या पदाचं नाव 'विवाह समुपदेशक'. दारावरची पाटी वाचून आम्ही दोघंही एकाच वेळी हसलो. दोन वर्षांत तिच्यासोबत हसण्याची ती एकच वेळ.

अर्जापासून महिन्याला दोन तास भेटीच्या अंतरिम आदेशापर्यंत चौदा महिने लागले. आपल्या न्यायालयांचा भार पाहता हे फार नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पण तेव्हा मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. त्या चौदा महिन्यांत ती चालायला लागली, बोलायला लागली, चिमण्यांना घाबरायची ती चिमण्यांमागे पळायला लागली. हे मला नंतर समुपदेशकांच्या अहवालातून कळलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका निकालात आई-बाप दोघांचाही सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे असं म्हटलं आहे, आणि भेट शक्य नसेल तिथे फोनवर, व्हिडिओवर बोलण्याच्या संपर्काचाही विचार करायला सांगितलं आहे. ते भांडण लग्न झालेल्या जोडप्याचं होतं. मुलाचा हक्क आईबापांच्या लग्नाच्या दाखल्यावर कसा अवलंबून असेल, हे मात्र मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझ्या बाबतीत तिनं पितृत्व कधी नाकारलं नाही, ही तिची माणुसकी. नाकारलं असतं तर? लग्नातल्या मुलाचं पितृत्व कायदा गृहीत धरतो, विवाह संपल्यावर २८० दिवसांत जन्मलेल्याचंसुद्धा. लग्नाबाहेरच्याला ते सिद्ध करावं लागतं, आणि डीएनए चाचणी न्यायालयं सहजासहजी सांगत नाहीत. सांगूही नये, मुलाच्या अब्रूचा आणि खासगीपणाचा प्रश्न असतो. पण गरोदर असताना तिनं दुसऱ्या कुणाशी लग्न केलं असतं, तर कायद्याच्या लेखी बाप तो झाला असता आणि माझं ते सत्तावीस पानांचं 'दूध-बूट-लस' बाड रद्दीत गेलं असतं.

दत्तकाचं तर विचारूच नका. आपल्या दत्तक नियमांनुसार विवाहबाह्य मूल शासनाच्या स्वाधीन करायचं तर ते फक्त आई करू शकते. तिला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. बापाला कळवायची पद्धत नाही. केरळमध्ये एका जोडप्याच्या बाबतीत हे घडलं. लग्नाशिवाय एकत्र राहत होते, तो दुसऱ्या राज्यात गेला, संपर्क तुटला, घाबरलेल्या आईनं बाळ बालकल्याण समितीकडे सोपवलं. समितीनं तिला अविवाहित माता धरून कागद केले आणि बाळ दत्तक गेलं. दोघं एकत्र येऊन मूल परत मागायला गेले तेव्हा उशीर झाला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये केरळ उच्च न्यायालयानं ती प्रक्रिया रद्द केली आणि बापाचा हक्क हा नैसर्गिक हक्क आहे, त्याला विवाहसंस्थेची पूर्वअट नाही, असं स्पष्ट म्हटलं. छान निकाल. पण ज्यांनी ते बाळ महिनाभर का होईना, आपलं म्हणून कुशीत घेतलं होतं, त्या दत्तक आई-बापांचं काय झालं असेल? पितृत्व मान्य केलेल्या बापांची एखादी नोंदवही असती आणि आधी तीत बघून बापाला एक पत्र धाडलं असतं तर चौघांचाही घोर वाचला असता.

मला माहीत आहे, हे वाचताना तुमच्यापैकी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर एखादी बाई असेल, जी मारकुट्या माणसापासून जीव घेऊन पळाली आणि 'बापाचा हक्क' या नावाखाली तो तिचा नवा पत्ता शोधतोय. असे पुरुष आहेत. मुलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी त्यांना पाहतो. मुलाशी दोन शब्द न बोलता ते तासभर आईचा फोन कुणाचा येतोय ते बघत असतात. अशांसाठी दार उघडा असं मी म्हणत नाही. त्यासाठी नवं काही शोधायचीही गरज नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, एकविसाव्या कलमात, ती सोय आहेच : मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार बाईकडे, दुसऱ्या बाजूला भेट द्यायची तर कशी ते दंडाधिकारी ठरवतील आणि भेटीनं मुलाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर भेट नाकारतील. ही चाळणी मलाही लावा. बारीक लावा. पण चाळणीपर्यंत पोचायला चौदा महिने नको.

हे तुम्हालाच का लिहितो, दिल्लीला का नाही? कारण विवाह, अज्ञान मुलं आणि दत्तक हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती विधिमंडळ करू शकतं, राष्ट्रपतींची संमती घेऊन. जन्मनोंदणीचे नियम तर राज्यच करतं. आणि तुमच्या डोळ्यांसमोर याच राज्यात २०२४ मध्ये एक मोठी गोष्ट सहज झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असं लिहायचं ठरलं. किती वर्षं आई त्या ओळीत नव्हतीच! एका शासन निर्णयानं ती आली आणि आभाळ कोसळलं नाही. माझी मुलगी त्याच्या आधीची, तिला तो नियम नाही, आणि असता तरी तिच्या ओळीत एक जागा मोकळीच राहिली असती.

म्हणून मागतो ते एवढंच. जन्मनोंदणीच्या नियमांत पितृत्व स्वेच्छेनं मान्य करायचा एक साधा नमुना आणा. गरोदरपणापासून तो भरता यावा, आईच्या सहीनं पक्का व्हावा. तिची सही नसेल तर तो फक्त नोंदवहीत राहावा, दाखल्यावर येऊ नये, तिचा पत्ता किंवा प्रकृती त्यातून बापाला कळू नये. इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदीत आईच्या बरोबरीनं नाव लागलेल्या अविवाहित बापाला पालकाची जबाबदारी आपोआप मिळते, आणि आई तयार नसेल तर त्याला न्यायालयात जाता येतं. तितक्या लांब जायचं नसेल तर सावंतवाडीच्या खाली उतरा. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाला रीतसर आपलं म्हणून मान्य करायची तरतूद आहे. उत्तराखंडनं नव्या समान नागरी संहितेत एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं मूल औरस ठरवलं, ते चांगलं केलं. पण त्यासोबत सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली आणि न केल्यास शिक्षा ठेवली, ते मला पटत नाही. दोन सज्ञान माणसांच्या घरात डोकावल्याशिवायही मुलाची नोंद करता येते.

सहाव्या कलमाच्या दुसऱ्या ओळीला एक वाक्य जोडा : आई नैसर्गिक पालक राहील, पण पितृत्व मान्य केलेल्या बापाला मुलाच्या हिताच्या मर्यादेत संपर्काचा हक्क राहील. पालकत्व वेगळं आणि भेट वेगळी. पालकत्वात शाळा, दवाखाना, पासपोर्ट येतं, ते तिच्याकडेच असू द्या. भेटीत घसरगुंडी येते. अशा अर्जावर पहिल्या सुनावणीला ठरावीक दिवसांची मुदत घाला आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या प्रकरणात ती आणखी कमी ठेवा, कारण त्या वयात एक तारीख म्हणजे एक दात किंवा एक नवा शब्द. विवाहबाह्य मूल स्वाधीन करण्याआधी नोंदवहीत बापाचं नाव आहे का ते समितीनं बघावं. आणि तुमच्यापैकी जे शासनात आहेत त्यांनी पितृत्व रजेचे नियमही एकदा काढून वाचावेत. केंद्राच्या नियमांत पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात ते 'पत्नीच्या' बाळंतपणासाठी.

माझ्या वकीलबाईंना हे पत्र दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं खोडली आणि म्हणाल्या, "यानं तुमच्या केसला फायदा काही होणार नाही." होऊ नये अशीच माझी अपेक्षा आहे. कायदा बदलेल तोवर ही मुलगी शाळेत गेलेली असेल. जूनमध्ये तिला छोट्या शिशुवर्गातून मोठ्या शिशुवर्गात घालणार आहेत, असं ऐकतो.

आईची गोधडी मागच्या दिवाळीत पुरी झाली. चार वर्षांच्या मानानं ती आता लहान पडेल, पण आई म्हणते, बाहुलीला होईल. मुलांच्या खोलीत बाहेरची वस्तू न्यायची तर आधी परवानगी लागते. तसा अर्ज मंगळवारी दिला आहे.

आपला,
अर्जदार